झाकण काढायचं नाही

१ ऑक्टोबर, बुधवार

आज शाळेत खंडेनवमीची पूजा. तबला, प्रयोगशाळेतले चिमटे, शर्मिलाताईंचं शिवणयंत्र — आणि संगणक कक्षातले सहाच्या सहा संगणक! चपला बाहेर. मुख्याध्यापक ढवळे सर हातात कुंकवाची कोयरी घेऊन स्वतः एकेका पेटीला बोट लावत होते. झेंडूचे हार घातले ते नेमके कुठे? जिथून हवा आत जाते त्या जाळीवर! मी म्हटलं, सर, कुंकू आत जाईल, पंख्यात बसेल. तर म्हणे, "जाऊ द्या हो ललिताताई, काही होत नाही."

काही होत नाही! एरवी पोरांनी नुसती फुंकर मारली तरी अंगावर धावून जातात. आणि आज कुंकू चालतं. पहिल्या पेटीला मात्र हार नाही, कुंकू नाही, लांबूनच नमस्कार. तिनं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

सातवीतली वल्लरी माझ्या कानाशी लागली — "बाई, यांच्या आत काय असतं?" मी म्हणून बसले, दिवाळीच्या सुट्टीआधी एक उघडून दाखवते. सगळ्या वर्गानं ऐकलं. आता दाखवायला हवं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. सकाळी आम्ही नवरा-बायको विहारात जाऊन आलो. अभयला पूजेचं सांगितलं तर पोट धरून हसला. "नैवेद्य दाखवतात का गं संगणकाला?" दाखवतात. पेढा.

४ ऑक्टोबर, शनिवार

सातवीचा संगणकाचा तास. जूनपासून हा तास माझ्या गळ्यात पडलाय. आधी ढवळे सर स्वतः घ्यायचे, आता म्हणतात, कार्यालयीन कामातून जमत नाही. पण संगणक सुरू करायला मात्र तेच येतात! पहिल्या पेटीशी बसतात, बटण दाबतात, कान लावून आवाज ऐकतात, मग मला मान हलवून खूण करतात. बाकीचे पाच झाकलेले. शर्मिलाताईंनी फुलाफुलांचे अभ्रे शिवलेत त्यांना, खाली झालरसुद्धा आहे. भिंतीवरचा त्यांचा स्विच खाली पाडून वर कागद चिकटवलाय — हात लावू नये. का? तर "वायरिंगला लोड झेपत नाही." सहा संगणक असलेली शाळा, चालू एक! एक मूल बटणं दाबतं आणि बाकीची माना उंच करून बघतात. याला संगणक शिक्षण म्हणायचं.

आज फळ्यावर पेटीचं चित्र काढलं. विचारलं, हे काय? सगळे एका सुरात — "सीपीयू!" म्हटलं, अरे बाबांनो, ही नुसती पेटी. सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा, सगळी आकडेमोड तो करतो. त्यावर एक जण म्हणाला, "पण बाई, मागच्या वर्षी सरांनी पण सीपीयूच सांगितलं होतं." सर अर्थात बरोबर!

खरी गोष्ट एकदा हातात दिली की हा गोंधळ मिटतो. फळ्यावर कितीही चौकोन काढा.

६ ऑक्टोबर, सोमवार

सरांकडे गेले. सरळच विचारलं — बंद ठेवलेल्या पाचांतला एक मला वर्गात उघडू द्या. मोडणार नाही. स्क्रू काढायचे, झाकण बाजूला, दाखवायचं, परत लावायचं.

उत्तरं आली ती अशी. ते देणगीचे आहेत. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यांनी आईच्या स्मरणार्थ दिलेत, दारावर चंद्रभागाबाईंच्या नावाची पाटी आहे, उघडले तर त्यांना वाईट वाटेल. (मुलं काही शिकली नाहीत तर वाईट वाटणार नाही वाटतं!) मग म्हणाले, धूळ जाईल. मग म्हणाले, वॉरंटी. वॉरंटी! त्या पाटीवरची तारीख बघितली तर संगणक आले तेव्हा माझ्या सातवीतली पोरं जन्माला यायची होती.

शेवटी खरं कारण काढलं. म्हणाले, "ललिताताई, संस्थेला ही खोली हवी आहे, इंग्रजी माध्यमासाठी. चालू संगणक सहा आहेत म्हणून खोली आपली आहे. एक जरी कमी झाला ना, तर आपल्या पोरांचा तास गेला म्हणून समजा." मी म्हटलं, तास टिकवायचा तर तास घ्यायला नको का? त्यावर चष्मा पुसत बसले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

परत विचारलं. परत चष्मा पुसला.

८ ऑक्टोबर, बुधवार

मीच शिकते. घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून आता मला स्वप्नात मदरबोर्ड दिसेल. आधी वाटलं होतं फार अवघड असेल. मुळीच नाही! एक मोठा हिरवा पत्रा, तो मदरबोर्ड, सगळे त्यालाच जोडलेले. कोपऱ्यात वीज वाटणारा पॉवर सप्लाय. प्रोसेसर तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा. रॅमच्या पट्ट्या खाचेत बसवायच्या, दोन्ही बाजूंनी खटका पडला पाहिजे. आणि हार्ड डिस्क.

काल रात्री अभय चपात्या खाता खाता म्हणाला, "रॅमपण लक्षात ठेवतो, हार्ड डिस्कपण ठेवते, मग दोन कशाला?" मी म्हटलं, तू स्वयंपाक केला असतास तर विचारलं नसतंस! फडताळात सगळं असतं — डाळ, तांदूळ, गूळ. ती हार्ड डिस्क. पण फोडणी देताना हाताशी लागतं तेवढंच ओट्यावर काढतो. तो ओटा म्हणजे रॅम. गॅस बंद केला, ओटा पुसला, संपलं. फडताळातलं फडताळात राहतं. ओटा लहान असला की बाईची तारांबळ, फडताळ कितीही मोठं असो.

अभय म्हणाला, हेच सांग वर्गात. सांगितलंही आज. पोरांना इतकं आवडलं! वल्लरी म्हणाली, "मग बाई, पंखा म्हणजे एक्झॉस्ट!" शाबास. आणि मागोमाग — "पण खरं कधी दाखवणार?"

मी काय सांगू? तुमच्या सरांना विचारा?

९ ऑक्टोबर, गुरुवार

ढवळे सर साताऱ्याला गेले. मोठ्या भावाचं ऑपरेशन. मंगळवारी येतील. जाताना संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे दिली, ज्येष्ठ शिक्षिका म्हणून. तीसुद्धा एकेक सूचना देत. पोरांना पहिल्याच पेटीवर बसवा. आवाज जास्त आला तर लगेच बंद करा. "आणि बाकीच्या पेट्यांना हात नको. आलो की निवांत बोलू आपण, तुम्हाला जरा सांगायचंय."

निवांत! चार महिने निवांतच बोलतोय आपण सर.

स्टाफरूममध्ये शर्मिलाताईंना म्हटलं, उघडू का? त्या म्हणाल्या, "माझे अभ्रे फाडू नका म्हणजे झालं."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पेन कागदात रुततंय अजून. रागानं.

मधल्या सुट्टीत एकटीच कक्षात गेले. म्हटलं, आधी आपण उघडून बघावं, पोरांसमोर फजिती नको. चौथ्या पेटीचा अभ्रा काढला. उचलली तर — हलकी! रिकाम्या डब्यासारखी वर आली. स्क्रू काढले. काही नाही आत. मदरबोर्ड नाही, पंखा नाही, रॅम नाही. दोन लोंबत्या वायरी आणि तळाशी झेंडूच्या पाकळ्या, कुंकू.

पाचवी उघडली. तीच गत. तिसरी, दुसरी, सहावी. सगळ्या रिकाम्या! एकीत तेवढा जळका पॉवर सप्लाय होता.

आणि ह्यांची आम्ही पूजा केली! रिकाम्या पत्र्यांना पेढा! लोड झेपत नाही म्हणे. वॉरंटी म्हणे. म्हणून झाकण काढायचं नव्हतं तर! किल्ली या माणसाखेरीज कुणाकडे नसते. गुळाच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं दिलेली वस्तू, पोरांची वस्तू, आतून काढून नेली आणि वर झालरीचे अभ्रे घातले. मुख्याध्यापक! आणि मी त्यांच्यासमोर शाळकरी पोरीसारखी विनवण्या करत होते.

वल्लरी दारात उभी होती. "बाई, उघडलं?" म्हटलं, वर्गात जा. ओरडलेच तिच्यावर. तिचा काय दोष?

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर थेट शनिवार पेठेत संस्थेच्या कार्यालयात. अर्ज घरूनच लिहून नेला होता. जे पाहिलं तेवढंच लिहिलंय, जादा एक शब्द नाही. सहापैकी पाच संगणक आतून रिकामे, किल्ली मुख्याध्यापकांकडेच असते, चौकशी व्हावी.

अभय काल म्हणत होता, आधी सरांना एकदा विचार. साताऱ्याला फोन कर. मी म्हटलं, ज्यानं जूनपासून तोंडावर खोटं सांगितलं त्याला काय विचारायचं? तो आणखी एक वॉरंटी काढेल. अभय ताट उचलून आत गेला. त्याचं असं उठून जाणं मला माहीत आहे, पण या वेळी मीच बरोबर आहे.

सचिव अगदी आदरानं बोलले. चहा मागवला. "आपण धाडस दाखवलंत, ताई." अर्ज दोनदा वाचला. बाहेर पडले तेव्हा फार हलकं वाटलं. इतके दिवस या शाळेत "जाऊ द्या हो" ऐकलंय. कुणीतरी जाऊ द्यायचं नाही म्हणायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. उद्या पोरांना उघडून दाखवणारच. रिकाम्या पेट्या दाखवून काय उपयोग? पहिली, चालू आहे तीच उघडते. आता अडवणारं कोण आहे?

१३ ऑक्टोबर, सोमवार

उघडली. सगळा वर्ग भोवती. आतल्या प्रत्येक भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर ढवळे सरांचं बारीक, गोल अक्षर. वल्लरी मोठ्यानं वाचत गेली. पंखा — पेटी तीनचा. रॅम — एक पट्टी पाचची, एक सहाची. मदरबोर्ड — पेटी चारचा, आधीचे दोन्ही जळाले. पॉवर सप्लाय — पेटी दोन, जपून. हार्ड डिस्क — माझ्या घरची.

"बाई, म्हणजे सगळ्या पेट्या या एकीत आहेत?"

हो, म्हटलं.

दुपारी सचिवांचा फोन आला. तुमच्यामुळे काम सोपं झालं, म्हणाले. खोली दिवाळीनंतर इंग्रजी माध्यमाला. ढवळे सरांना निलंबनाचं पत्र आज निघालं. ते उद्या सकाळी साताऱ्याहून थेट शाळेत येतायत.