सत्तेचाळीस नंबरचं इंजिन

जबलपूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रल्हादभाऊजी,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल. मी विनता, शैलेंद्रची बायको. पंचवीस वर्षांच्या ओळखीत तुम्हाला पत्र लिहायचं काम कधी पडलं नाही. मैत्री तुमची दोघांची, माझ्याकडे फक्त चहा.

मेघावहिनींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका म्हणावं. नागपूरलाही थंडी असेलच, पण इथे यंदा फार आहे. सकाळी दहापर्यंत धुक्यात आमची अधारतालची गल्ली दिसत नाही. आमची लेक यशश्री पुण्यालाच आहे. मी शाळेतून रिटायर झाले त्याला दोन वर्षं होतील. परवा कापड घ्यायला बड्या फुहाऱ्याला गेले होते, तिथूनच हे पाकीट आणलं. दुकानदार म्हणाला, "आजकल कौन लिखता है, दीदी." मी म्हटलं, एकच पाहिजे.

तुम्ही ५ फेब्रुवारीला येताय हे कळलं. खनिजाच्या गाडीला त्या दिवशी जुनी डिझेल इंजिनं शेवटची लागणार, पुढे ती भंगारात जाणार, आणि ती गाडी तुम्हाला ह्यांच्यासोबत फाटकावर उभं राहून पाहायची आहे. तिकीट काढल्याचा मेसेज आला. म्हणूनच लिहायला बसले. ह्यांच्या कानाचंही तुम्ही विचारलंत. ते पुढे लिहिते.

आधी जुनं थोडं. हे तुम्हाला पहिल्यांदा कटनीला भेटले ते आठवत असेल. प्लॅटफॉर्मच्या टोकाला टेपरेकॉर्डर छातीशी धरून उभे होते. तुम्ही इंजिनाच्या खिडकीतून स्वतःशीच मराठीत म्हणालात, "हा काहून उभा आहे बे? इंजिनाला गाणं ऐकवून राहिला का?" ह्यांनी खालून मराठीतच उत्तर दिलं, "ऐकवून नाही, ऐकून राहिलो." ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली आहे.

नोकरी वीज मंडळात आणि जीव डिझेलवर, असं तुम्ही चिडवायचात. लग्नानंतर आम्ही उज्जैनला निघालो होतो. इटारसीला गाडी बदलायची होती, तर हे तीन तास तिथेच थांबले. लाल खनिजाने भरलेल्या एका मालगाडीला पुढे दोन इंजिनं लावली होती आणि ती सुटताना ह्यांना पाहायची होती. मी ट्रंकेवर बसून. गाडी सुटली तेव्हा काळा धूर सगळ्या प्लॅटफॉर्मवर पसरला, माझी नवी साडी गेली आणि हे हसत होते. म्हणाले, "विजेचं इंजिन गुपचूप ओढतं. हिला जड झालं की ही सांगते." तेव्हा मला वाटलं, कोणत्या माणसाशी लग्न केलं आपण. वाईट नव्हतं वाटलं. नुसतं वाटलं.

मग २०१९. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तुम्ही ह्यांना कटनीपासून इथपर्यंत इंजिनात बसवून आणलंत, सत्तेचाळीस नंबरमध्ये, मागे अठ्ठावन्न डबे खनिज. नियमात बसत नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. ह्यांनी वीस वर्षांत कधी मागितलं नव्हतं, तुम्हीच म्हणालात, वर ये. आठवडाभरात ह्यांचा इंजिनातला फोटो तुमच्या साहेबांच्या टेबलावर होता. चौकशी झाली. तुमची लाइनवरची ड्यूटी गेली. शेवटची दोन वर्षं तुम्ही यार्डात रिकामे डबे इकडून तिकडे केलेत आणि तिथूनच रिटायर झालात. भरलेली गाडी घेऊन पुन्हा बाहेर पडला नाहीत.

हे कांचघरला तुमच्या क्वार्टरवर आले होते. तुम्ही आत घेतलं नाही. दारातच म्हणालात, "तुला इंजिन पाहिजे होतं शैलू, माणूस नाही." घरी येऊन ह्यांनी मला तेवढंच सांगितलं आणि हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर हे फाटकावर गेले नाहीत. मालगाडीचा आवाज आला की टीव्ही मोठा करायचे. आवाज भरलेल्या कॅसेटी माळ्यावर टाकल्या. पाच वर्षं असंच. तुम्हाला हे माहीत नसेल, म्हणून लिहिलं.

आता कानाचं. ह्यांचे कान चांगले होते. शेवटपर्यंत.

हे गेले, भाऊजी. १४ मार्चला गेले. दहा महिने झाले.

सकाळी अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. मी पोहे भिजवले, हाक मारली, आले नाहीत. गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते, चष्मा हातात. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. बादलीतलं पाणी तसंच राहिलं. संध्याकाळी त्याच पाण्याने कोणीतरी फरशी पुसली. यशश्री आली, ग्वारीघाटला सगळं केलं. बायका म्हणत होत्या, रडू द्या हिला. मला कोणी अडवलं नव्हतं.

तेराव्याला पानं वाढणं चाललं होतं. धुळवड आदल्याच दिवशी झालेली, गल्लीत रंग तसाच होता. ह्यांचा फोन मी कमरेला खोचला होता, कारण ऑफिसातले लोक त्याच नंबरवर फोन करायचे. त्यावर तुमचा मेसेज आला. "शैलू, प्रल्हाद. पाच वर्षं झाली. मी तेव्हा फार बोललो. माफ करशील का?"

हे गेले, आज तेरावा आहे, एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, "केव्हाच केलं." आणि वडे वाढायला गेले.

तुम्ही लगेच फोन केलात. मी कापला आणि लिहिलं, ऐकू येत नाही आता, लिहूनच बोल. दुसऱ्या दिवशी खरं सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नातवाचा फोटो पाठवलात. मग लिहिलंत, तुझे कान गेले तर माझे घे. फाटकावर जा, गाडीचा आवाज फोनमध्ये भर आणि पाठव, कोणतं इंजिन आहे ते मी ऐकून सांगतो.

म्हणून मी गेले. एप्रिल होता, ऊन होतं. गेटमन भैयाने विचारलं कोणती गाडी, मी म्हटलं डीजलवाली. तो म्हणाला, "वो तो बुधवार को आती है दीदी. खदान की साइडिंग में बिजली का तार नहीं है ना." तेव्हापासून दर बुधवारी जाते आहे. तुमच्याकडे आलेला प्रत्येक आवाज माझ्या हातातून आला आहे.

गाडी आली की जमीन हलायची. पायापासून दातांपर्यंत हलायचं सगळं. मला वाटायचं, आता आत काहीतरी होईल. काही व्हायचं नाही. डबे मोजायचे, अठ्ठावन्न, घरी यायचं, कुकर लावायचा, आवाज पाठवायचा. तुमचं उत्तर यायचं. "पुढचं सत्तेचाळीस. ऐक, दमेकऱ्यासारखं खोकून राहिलं बिचारं. ह्याला चढावर मारू नका म्हणावं." पावसाळ्यानंतर मला तुमच्या उत्तराआधीच ओळखू यायला लागलं. हे असताना पंचवीस वर्षं सांगत होते तेव्हा मी कधी कान दिला नाही.

दर वेळी तुम्ही शेवटी विचारायचात, वहिनी कशा आहेत. मी लिहायची, बरी आहे.

आज इथे थांबते. बोटं गार पडली आहेत.


बुधवार, २२ जानेवारी

पत्र तीन दिवस फ्रिजवर पडून होतं. तसंच पोस्टात टाकलं असतं तरी चाललं असतं. यायचं की नाही हे ठरवायला तुम्हाला तेवढं पुरे होतं. पण आज सकाळी तुम्ही लिहिलंत, "तो फोटो तू कोणाला पाठवलास, का पाठवलास, मी आता विचारच करत नाही. माणूस चुकतो."

फोटो ह्यांनी कोणाला पाठवला नव्हता. म्हणजे एकटीला पाठवला होता, मला.

त्या रविवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. दुपारी बाहेर जेवायचं ठरलं होतं. सकाळी तुमचा फोन आला आणि हे कटनीला निघून गेले. दुपारी इंजिनातून ह्यांचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, "फक्त तुला." इकडे महिला मंडळाच्या ग्रुपवर बायका विचारत होत्या, पंचविसावा कसा चाललाय, फोटो टाका. मी तो टाकला. वर लिहिलं, "ही पाहा माझी सवत." सगळ्या हसल्या. फोटोत बाजूला तुमचा अर्धा चेहरा होता. तो मी पाहिला होता, पण त्याचा काही अर्थ होईल असं मनात आलं नाही. तिथून तो कोणाच्या नवऱ्याच्या फोनवर गेला आणि तिथून तुमच्या ऑफिसात.

गंमत म्हणून टाकला, असं मी स्वतःला सांगत आले. रागही असेल. आता शोधायला बसलं तर दोन्ही हाताला लागत नाही.

तुमची चौकशी लागली त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे बुटाची नाडी सोडत होते. बराच वेळ सोडतच राहिले. मग म्हणाले, "तू कोणाला काही बोलू नको. मी त्याला सांगतो, मीच पाठवला."

मी म्हटलं, खरं सांगा.

"माझ्यावरचा राग त्याचा उतरेल कधीतरी," हे म्हणाले. "तुला तो वहिनी म्हणतो. तुझ्यावरचा राग घेऊन तो या घरी कसा येईल?"

खरं सांगा, असं मी एकदाच म्हटलं. पाच वर्षांत रोज म्हणता आलं असतं. टीव्हीचा आवाज वाढायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात असायची आणि तिथेच राहायची. त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही बोलून दाखवला नाही. ते तुमचा राग उतरायची वाट पाहत होते. तो उतरला. तेरा दिवस उशीर झाला.

तेव्हा भाऊजी, तुम्ही ज्याची माफी मागितलीत त्याचा काही दोष नव्हता, आणि ज्या बाईचा होता ती फोन हातात धरून उभी होती. तिनेच तुम्हाला माफ केलं. "केव्हाच केलं" हे ह्यांचंही उत्तर असतं, असं मला वाटतं. पण ते मला आता विचारता येत नाही, आणि त्यांच्या नावाने ते द्यायचा मला हक्क नव्हता. तुम्ही ते खरं धरून दहा महिने बरे राहिलात. ते काढून घेताना मला वाईट वाटायला पाहिजे. कदाचित पुढे वाटेल.

आज बुधवार, म्हणून फाटकावर गेले. फोन घरीच ठेवला. धुकं होतं, इंजिन दिसायच्या आधी आवाज आला. आज सत्तेचाळीस मागे होतं, पुढे दुसरं. गाडी चढावर फार हळू आली. ड्रायव्हरने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाचा दांडा धरून गार्डचा डबा जाईपर्यंत उभी राहिले. आज डबे मोजले नाहीत.

मग गेटमन भैयाला म्हटलं, "हमारे साहब नहीं रहे."

ह्यांना जाऊन इतके महिने झाले, पण हे तोंडाने मी पहिल्यांदाच म्हटलं. तेव्हाही यशश्रीने सगळ्यांना कळवलं होतं. त्याने फाटक उघडलं, स्कूटरवाले जाऊ दिले आणि विचारलं, "कौन साहब, दीदी?"

त्याचं बरोबर आहे. तो इथे नवीन आहे, ह्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, वीज मंडळात होते, डीजल का बहुत शौक था. तो म्हणाला, "तो आते क्यों नहीं थे?" तिथे एक सिमेंटचा ओटा आहे, त्यावर मी बसले. त्याने मला त्याच्या चहातला अर्धा दिला. उठायला मला बराच वेळ लागला.

घरी येऊन हे लिहिलं. आता पोस्टात टाकून येते. तुम्हाला तीन-चार दिवसांत मिळेल. तिकीट रद्द करायचं असेल तर तेवढा वेळ आहे. ह्यांच्या नंबरवर यापुढे काही लिहू नका, तो मी बंद करून राहिले आहे. माझा नंबर मुद्दाम दिला नाही. रागाने किंवा दयेने दोन ओळी लिहाव्या लागू नयेत तुम्हाला.

माळ्यावरच्या कॅसेटी मी खाली काढल्या आहेत. बावीस आहेत. प्रत्येकीवर ह्यांच्या अक्षरात तारीख, इंजिनाचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव आहे. एकोणीस कॅसेटींवर नाव तुमचं आहे. त्या तुमच्या. तुम्ही आला नाहीत तर यशश्रीच्या हाती नागपूरला पाठवीन.

५ तारखेला साडेअकराला मी फाटकावर असेन. आलात, तर गाडी जाईपर्यंत माझ्याशी बोलू नका. ती गेली की जे बोलायचं असेल ते बोला. मध्ये थांबू नका. मी ऐकून घेईन.

खाली नुसतं नाव लिहिते. त्यापुढे वहिनी लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

विनता