सगळ्यांत मागे मी

३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी बादलीत पाय घालायला रडायचास, आणि आता गाइड होऊन नदीच्या घळीत फळ्यांच्या वाटेवरून लोकांना हिंडवतोस! तुझं पत्र वाचून हसू आलं, पण हसताना ओठ ताणतो. जिन्यावरून पडले. लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

रविवारी हे ऑफिसच्या मंडळींबरोबर तुझ्याच घळीत येताहेत. तू काही बोललास तर मला भोगावं लागतं.

लोभ असू दे आणि जीभ आवर.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

जीभ आवरली. पण ताई, तुमचं घर तळमजल्यावर आहे. सामान मीच लावलं होतं.

दाजी आले. नेहमीचा नियम सांगितला : कठड्यावर चढायचं नाही, पळायचं नाही, सगळ्यांत मागे मी. अरुंद वळणावर पाण्याचा आवाज एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मंडळी पुढे गेली आणि दाजी फोटोसाठी कठड्यावर चढले. घसरले, बाहेर लोंबकळले. मी मनगट धरलं. सोडून द्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? सोडलं नाही. वर ओढलं, त्यांचा उजवा हात कठड्याच्या नळीवर ठेवला आणि गुडघ्याने दाबला. काडकन मोडला. तुझ्यावर उठणारा हात, म्हणून पुन्हा दाबला. म्हटलं, पडून मोडला असं सांगा, ताई जिन्यावरून पडते तसं.

जीव वाचवला म्हणून मंडळींनी माझी पाठ थोपटली. प्लास्टर निघेपर्यंत तरी तू निवांत राहशील.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा बारक्या

१४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, एकाच डोळ्याने लिहितेय.

अरे, तो डावखुरा आहे. सहा वर्षांत एकदा जरी आमच्याकडे जेवायला बसला असतास तर दिसलं असतं. तुझा दोष नाही, दर वेळी काहीतरी कारण काढून मीच तुला टाळलं. प्लास्टरही त्याच्या कामी आलं, विटेसारखं लागतं. दोन दात गेले. प्रत्येक फटक्याला तुझं नाव घेत होता.

इस्त्री तापलेली होती. त्याच्या डाव्या हातावर टेकवली आणि अंगाचा भार टाकून तशीच धरली. कातडीचा वास अजून नाकात आहे. मला वाईट वाटत नाही, याचंच भय वाटतं.

तुझ्याकडे येणाऱ्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय. भुवईला टाके घालून झाले, की मी मागच्या बसने निघते. तो शोधत येईलच. मला घळीतून फिरवून आण. मी पुढे चालेन, सगळ्यांत मागे तू.

आत्ता दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, कशाने झालं. मी जिना म्हणाले नाही.

लोभ आहेच, दार उघडं ठेव.

तुझी ताई