नेट गेलं त्या दिवशी

मे सारियांग गाव, ३० जुलै

प्रिय जुमताईस,
धाकट्या नुईचा नमस्कार. तिकडे त्रांगला पाऊस लागला म्हणजे तुझं रबराचं काम बंदच असेल. इथे डोंगरावर कपडे आठवडाभर वाळत नाहीत. माझी फाय जेवते ना नीट? मावशी म्हणून फार लाडावून ठेवू नकोस तिला.

माझ्या तिकडच्या बदलीचं विचारलंस. सांगते, पण आधी मागच्या आठवड्यातली गंमत ऐक.

मी गणिताची मास्तरीण. इंग्रजीच्या बाई सोडून गेल्या आणि तो तास माझ्या गळ्यात पडला. मला कुठलं येतंय इंग्रजी! मी आपली इंटरनेटवरचे व्याकरणाचे धडे टीव्हीवर लावते. निळ्या चष्म्याची एक बाई अर्धं वाक्य सोडते, पोरं ओरडून पुरं करतात. मी नुसती बटण दाबते. तर पोरं जिल्ह्यात पहिली आली! हेडमास्तर म्हणाले, "तुम्हाला सोडलं तर इंग्रजी कोण शिकवणार?" मी म्हटलं, "सर, शप्पथ, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तर हसले. "बघा, केवढा विनय!" कपाळ माझं!

त्या दिवशी तपासणीला साहेब आले आणि नेमकं नेट गेलं. ताई, खरं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, सुटले! आता पितळ उघडं पडेल, चार शिव्या बसतील, पण हेच लोक मला लेकीकडे धाडतील. मी हाताची घडी घालून गप्प उभी राहिले.

पोरांना वाटलं, बाई घाबरल्या. पहिल्या बाकावरची नॉ पॉ नावाची पोर उठली, बोटांचा चष्मा करून डोळ्यांना लावला आणि घडाघडा धडा घ्यायला लागली. ती विचारी, वर्ग उत्तर देई. एक चूक नाही गं! साहेब टाळ्या वाजवत उठले. पोरं माझ्याकडे बघून हसत होती, बाईंना वाचवलं म्हणून. त्या लेकरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. मग स्वतःचीच लाज वाटून रडू आलं. तर साहेब म्हणतात, "आनंदाश्रू!"

माझा वर्ग आता 'आदर्श वर्ग' झालाय. बदलीचा अर्ज परत आला. आदर्श वर्गाच्या बाईला चार वर्षं तरी हलता येणार नाही.

बारा ऑगस्टला फायच्या शाळेत मातृदिन आहे. आयांना खुर्चीवर बसवून मुली पायाशी मोगरा ठेवतील. मी येते म्हणून तिला सांगून बसले होते. त्या खुर्चीवर तू बस. आणि तिने तुला आई म्हणून हाक मारली, तर ओ दे.

तुझी,
नुई