एका मिनिटाची साक्ष

१० जानेवारी, शनिवार

सकाळी लाँड्री. दुपारी सुलेखाबरोबर हर्नडनच्या लायब्ररीत गेले. राज्याचे सिनेटर मॅककोर्ट यांची सभा होती. विजेची बिलं, शाळांचं बजेट, आणि शेवटी पगारी रजेचं विधेयक – घरात कुणी गंभीर आजारी असेल तर. एक कॅफेवाला उठला. "माझ्याकडे चारच माणसं. एक रजेवर गेला तर काउंटरवर कोण?" प्रश्न खरा होता. सिनेटर म्हणाले, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे अजून नाही. असं कबूल करणारा माणूस बरा वाटला.

मग सिनेटरांनी विचारलं, राजधानीत, रिचमंडला, सिनेटच्या समितीपुढे कुणी आपला अनुभव सांगेल का? सुलेखाने कोपर मारलं. "जा की." आहे शेजारीण, पण हुकूम मोठ्या बहिणीसारखा. नंबर देऊन आले.

सभेनंतर चहा होता. मी गरम पाणी घेतलं. हे गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, चहा बंद आहे. लोकांना ॲसिडिटी सांगते.

१३ जानेवारी

सिनेटरच्या ऑफिसात काम करणाऱ्या निधीचा फोन. "काकू, एकच मिनिट मिळेल हं. टायमर लावतात. काय झालं ते सरळ सांगा, दॅट्स ऑल."

सरळ!

१८ जानेवारी, रविवार

आधी इथे लिहून बघते.

केमो चालू होती तेव्हाच माझी सगळी रजा संपली. बिनपगारी होती, तीही. नोकरी सोडावी तर दोघांचा इन्शुरन्स माझ्याच नोकरीवर. म्हणून हे गेले त्या दिवशीही मी लॅबमध्येच होते. सुलेखा यांच्याजवळ बसली. दुपारी दोनच्या ब्रेकला मी चहा घेत होते. कप हातात असताना तिचा फोन आला.

लेक इला सांता क्लाराहून रात्री पोचली. "तू होतीस ना जवळ?" मी म्हटलं, होते. हात धरून होते. सुलेखा तिथेच उभी होती. त्या दुपारबद्दल ती बोललेली नाही, मीही विचारलेलं नाही.

२ फेब्रुवारी

इलाचा फोन. "आई, लिंक पाठव. मीटिंग कॅन्सल केलीय, आय वॉन्ट टू सी यू लाइव्ह."

आता दोन कागद तयार आहेत. एकात "रजेअभावी कुटुंबांचे हाल होतात" वगैरे. दुसऱ्यात खरं.

४ फेब्रुवारी, बुधवार

रिचमंड. सुलेखाने ड्राइव्ह केलं. वाटेत एकदाच म्हणाली, "घाबरू नकोस. मतं काही तुला मागायची नाहीयेत."

सिनेटर आपसात बराच वेळ बोलले. लहान दुकानांना मदत कशी द्यायची, पैसा कुठून. एकमेकांना टोमणेही, पण ऐकून घेत होते. माझी पाळी आली. मी "माय हजबंड" म्हणून सुरुवात केली तर अध्यक्षबाईंनी हळूच थांबवलं – त्यांचं नाव काय?

श्रीरंग. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा तोंडाने नाव घेतलं, तेही माइकवर.

त्यानंतर पहिला कागद वाचवेना. दुसरा उघडलाच नाही, तोंडपाठ होता. टायमर वाजला. अध्यक्षबाई म्हणाल्या, वाक्य पूर्ण करा. केलं – "मी त्यांच्याजवळ नव्हते. मुलीला खोटं सांगितलं."

विधेयक समितीत पास झालं, नऊ विरुद्ध सहा. अजून बऱ्याच पायऱ्या आहेत. निधीने मिठी मारली. "काकू, होईल हे. बघाच."

इलाचा फोन नाही.

५ फेब्रुवारी

लॅब. फोन नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी इला. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "आई, मी सुलेखामावशीला कॉल केला होता. तू तिला कधी विचारलंच नाहीस?"

नाही विचारलं. फोन ठेवून तशीच शेजारी गेले. सुलेखा भाजी निवडत होती. मी विचारायच्या आधीच खुर्ची पुढे केली.

"झोपेतून जागे झाले. किती वाजले म्हणाले. मी म्हटलं, दोन. तर म्हणाले, 'चला, ती आता चहाला बसली असेल.' आणि डोळे मिटले. चेहरा अगदी निवांत होता गं."

"आठ महिने बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुला ऐकायचं नाहीये."

मीही भाजी निवडायला घेतली.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. दोन वाजता आलं किसून चहा केला. एकच कप. बसून प्यायले.