पऱ्हाट्यांचा कूड

म्हसावद,
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप शोभाआत्यास,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी सांगायची, आणि कानाचं मशीन तू साड्यांच्या घडीत जपून ठेवलेलं! म्हणून पत्रच बरं. इथे कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. आईची पाठ दुखते. पप्पा नेहमीप्रमाणे कापसाचा भाव आणि माझं लग्न यांवर एकाच दमात बोलतात.

खरी बातमी अशी की येत्या शनिवारी नंदुरबारला नवउद्योजकांची पिच नाइट आहे. जिल्ह्यातली मुलं-मुली स्टेजवर उभी राहून आपापली कल्पना मांडणार, पुण्या-सुरतेचे परीक्षक ऐकणार. यंदाचा विषय स्वच्छ ऊर्जा, आणि त्यात आमची निवड झाली आहे. आमची म्हणजे माझी आणि भाग्येशची. तो माझ्या कॉलेजातला, शहाद्याचा. यंत्राची बाजू त्याची, बोलायचं काम माझं. कापूस निघाला की शेतात कपाशीची वाळकी झाडं उरतात ना, त्या पऱ्हाट्यांचा भुगा करून, दाबून ठोकळे बनवायचे. कोळशाऐवजी ते बॉयलरमध्ये जळतात, आणि छोट्या पंख्याच्या शेगडीत घातले तर घरातही, बिनधुराचे. कचऱ्यातून ऊर्जा, आत्या!

भाषणाची सुरुवात आपल्या शेतावर कामाला येणाऱ्या भिकुबाईच्या फोटोने करणार आहे. परवा तिच्या घरी जाऊन काढला. चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकते आहे, डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. मी तिला म्हटलं, हा धूर मी घालवते बघ. ती हसली आणि तव्यावरची भाकर माझ्या हातावर ठेवली.

तुझा आशीर्वाद लवकर पाठव. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी,
यामिनी


धुळे,
१३ डिसेंबर २०२४

चि. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तू कान धरलेस ते बरे केलेस, माझे तर कामातूनच गेले आहेत.

पत्र वाचून ऊर भरून आला. आपल्या घरातली मुलगी चारचौघांत उभी राहून बोलणार. मला त्या वयात शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानायलाही घाम फुटायचा. बोलताना हात हलवू नकोस, तुला ती खोड आहे.

आता एक विचारते, रागावू नकोस. पऱ्हाट्या कचरा आहेत हे तुला कोणी सांगितले? आपल्या शेतात त्या पडलेल्या तू कधी पाहिल्यास? होळीच्या आत शेत मोकळे होते, आणि तुला वाटते ते आपोआप होते. अगं, आपल्याकडे रीतच आहे, पऱ्हाटी जी उपटेल तिची. भिकुबाई आणि वस्तीवरच्या बाया लोखंडी चिमटे घेऊन येतात, हाताला फोड येईस्तोवर उपटतात, भारे डोक्यावरून घरी नेतात. शेत नांगराला तयार होते. त्या दिवसांची मजुरी त्या मागत नाहीत आणि आपण देत नाही. तेच त्यांचे वर्षभराचे जळण. भिकुबाईच्या घराच्या भिंतीसुद्धा पऱ्हाट्यांचाच कूड आहे, वरून शेणमातीने लिंपलेला. दर उन्हाळ्यात जुना काढते, नवा घालते. सरकारी गॅसची टाकी आहे तिच्याकडे, पण ती रिकामी. मी गेले होते तेव्हा तिच्यावर पिठाचा डबा ठेवलेला होता.

मी आणि ती एका वयाच्या. लग्नाआधी एकाच ओळीला कापूस वेचला आहे आम्ही. तेव्हा तिच्या चुलीत काय जळणार ते आधी ठरव आणि मग स्टेजवर चढ. एवढे ऐकशील अशी आशा.

तुझी,
आत्या


म्हसावद,
२० जानेवारी २०२५

तीर्थरूप शोभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यक्रम होऊन गेल्यावर मिळालं. आत्या, आम्ही पहिले आलो! भिकुबाईचा फोटो पडद्यावर आला आणि मागच्या रांगेतलेही उठून पाहू लागले. सुरतेच्या परीक्षकबाईंनी तर डोळे पुसले. पहिलं यंत्र त्यांच्याकडूनच मिळालं. पावसाळ्यात ते सगळे इथे येणार आहेत. ज्या बाईचा फोटो दाखवला तिच्या घरातला धूर खरंच गेला का, ते स्वतः पाहणार. गेला असेल तर मोठं यंत्र मंजूर. आणि हो, हात मी हलवलेच.

तुझा प्रश्न मला लागला, खोटं कशाला सांगू. पण उत्तर आहे माझ्याकडे. भिकुबाईला मी शेगडी दिली, पंख्यासाठी छोटं सोलर पॅनल लावून दिलं, आणि दर महिन्याला ठोकळ्यांची गोणी देणार आहे. उपटायचे कष्ट नाहीत, डोक्यावर भारा नाही, डोळ्यांत पाणी नाही. हे तिच्या भल्याचंच नाही का?

सुरुवात आपल्या शेतापासून केली. ट्रॅक्टरने दोन दिवसांत सगळी पऱ्हाटी काढून नेली. पप्पा खूश, कारण नांगरट लवकर होईल आणि वरून मोबदला. फक्त एक झालं. तिसऱ्या दिवशी भिकुबाई चिमटा घेऊन आली, सुनेला बरोबर घेऊन. तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. ती बांधावर बराच वेळ बसून होती म्हणे. मी धावत गेले, समजावलं. ती म्हणाली, तू म्हनस ते बरंच व्हई माय. चिमटा पदरात गुंडाळून परत गेली.

माझ्यावर विश्वास ठेव, आणि मायेत कपात करू नकोस.

तुझी,
यामिनी


धुळे,
५ फेब्रुवारी २०२५

चि. यामिनीस,
अनेक आशीर्वाद.

पहिली आलीस, फार आनंद झाला. शेजारणीला पेढा दिला. पण तुझ्या पत्रातला तो बांध काही डोळ्यांपुढून हलत नाही. तिला सांगायचे राहून गेले, असे तू एका ओळीत लिहिलेस. आपल्याकडे घरच्या म्हशीलाही दावे बदलताना पाठीवर हात फिरवतात.

शेगडी चांगली असेल. पण पऱ्हाटी तिची होती, हक्काची. गोणी तुझी आहे, तू दिलीस तर. या दोन्हींतला फरक तुला कळायला हवा, इतकी तू शिकली आहेस. आणि एकदा आपल्या नवनीतने, तुझ्या पप्पाने, सुरुवात केली की बाकीचे शेतकरी मागे राहणार नाहीत. त्याला माझा निरोप सांग, वरचे एक शेत तरी बायांसाठी राहू दे. नुसती बहीण म्हणून नव्हे, मी मोठी आहे म्हणून सांगते.

बाकी गुडघा दुखतो. थंडी उतरेल तसा उतरेल. राग गेला की पुन्हा लिहीन, तोवर हे पत्र गोड मान.

तुझी,
आत्या


म्हसावद,
१८ मे २०२५

तीर्थरूप शोभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहीन म्हणालीस आणि लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. तू म्हणालीस तसंच झालं. आपल्या मागोमाग सगळ्या गावाने पऱ्हाटी आम्हाला दिली. होळीच्या आतच शिवार साफ झालं. निरोप मी पप्पांना सांगितला होता, पण तोवर वरच्या शेतातही ट्रॅक्टर फिरून गेला होता.

यंत्र दिवसरात्र चालतं. सुरतेच्या एका गिरणीने सगळे ठोकळे मागितले आहेत. भरलेला ट्रक निघतो तेव्हा भाग्येश टाळ्या वाजवतो. मीही वाजवायचे. भिकुबाईची गोणी दोन वेळा गेली. मार्चमध्ये ट्रक भरायला कमी पडत होतं, म्हणून तिची ठेवलेली गोणीही चढवली. भाग्येश म्हणाला, पुढच्या महिन्यात दोन देऊ. एप्रिलमध्येही तसंच झालं. मी रोज ठरवते आणि रोज काहीतरी निघतं. तिच्याकडे जाणं झालेलं नाही. रिकाम्या हाताने जायला पाय उचलत नाही.

पाऊस पडायच्या आत नक्की देते. तू रागावलेली असलीस तरी दोन ओळी लिही.

तुझी,
यामिनी


धुळे,
१० जून २०२५

चि. यामिनीस,
आशीर्वाद.

दोन ओळी मागितल्यास, त्या पाठवते. ढग आले आहेत. पाऊस लागला की रानातले लाकूडही ओले होते, तेव्हा आज गाडीभर जळण तिच्या दारात टाक, ठोकळे नसले तर बाभळीचे टाक. आणि रिकाम्या हाताने का होईना, जाऊन ये. तिच्या घरी गेलीस तर ती पाट देईल, तुझे हात बघणार नाही.

तुझी,
आत्या


म्हसावद,
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप शोभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, परवा परीक्षक येऊन गेले. काय झालं ते तुलाच सांगू शकते.

तुझं पत्र मिळाल्यावर मी बाभळीची गाडी सांगितली होती. गाडीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला, मग पावसाने वस्तीचा रस्ता गेला आणि मीही नाद सोडला. परवा सकाळी, पाहुणे यायच्या जरा आधी, ठोकळ्यांची गोणी घेऊन तिच्याकडे पोचले. आत शिरले. घराला मागची भिंत नाही. लाकडी खांब तेवढे उभे आणि मधे काही नाही. एक जुनं लुगडं बांधलं होतं, ते भिजून जड झालेलं. बाजूची भिंतही अर्ध्यापर्यंत खाली आलेली. कूड जाळला आहे तिने. रोज थोड्या पऱ्हाट्या उपसायच्या, वरची माती झटकायची आणि चुलीत घालायच्या. नवा कूड घालायला यंदा पऱ्हाट्या नव्हत्याच. शेगडी कोपऱ्यात होती, पिठाचा डबा ठेवलेल्या गॅसच्या टाकीच्या शेजारी.

तीच म्हणाली की पाव्हणे येतील, चल, पेटव तुझी शेगडी. स्वतः केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून बसली. पाहुणे आले. शेगडी छान पेटली. परीक्षकबाईंनी वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या की घर किती हवेशीर केलंय. त्यांनी विचारलं, आता धूर होतो का? भिकुबाई म्हणाली, नई माय, आते धूर नई शे. त्यांनी ते लिहून घेतलं. तिचा फोटो घेतला, मागे ते मोकळे खांब. मी शेजारी उभी होते, आत्या. मी शेगडीत आणखी एक ठोकळा सरकवला.

सगळे गेल्यावर मी रडले. तिला विचारलं, तू खरं का नाही सांगितलंस? तिला माझा प्रश्नच वेडेपणाचा वाटला. म्हणाली, पोरले देखाले पाव्हना उनात, तं घरनी खोट कोनी सांगस का? तिला वाटलं होतं, मुलगी पाहायला आल्यासारखेच ते मला पाहायला आले आहेत. तिच्या बोलण्याने माझं मोडू नये, म्हणून ती बोलली. मग विचारलं, पुढला वरीसले वरना वावरनी पऱ्हाटी भेटी का? मी हो म्हटलं.

काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी त्यांत माया असेल असं समजेन.

तुझी,
यामिनी


म्हसावद,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप शोभाआत्यास,
शि. सा. न.

तुझं उत्तर आलं नाही.

मोठं यंत्र मंजूर झालं. भाग्येशने पेढे वाटले. मोठ्या यंत्राला पुरावं म्हणून आजूबाजूच्या गावांशीही करार झाले आहेत. मी पप्पांना म्हटलं, वरचं शेत भिकुबाईसाठी सोडा, मी तिला शब्द दिलाय. त्यांनी करार माझ्यापुढे ठेवला. शिवारातली सगळी पऱ्हाटी, असं त्यात मीच लिहिलं होतं. मी भाग्येशशी भांडले. तो म्हणाला, एका बाईसाठी एक शेत सोडलं की वस्तीवरच्या सगळ्या येतील. येतीलच ना. त्यांचंच होतं ते. पण यंत्र थांबत नाही आणि माझ्याने थांबवलं जात नाही.

शेवटी रिकाम्या हातानेच तिच्याकडे गेले. घर उघडंच होतं, कुलूप लावायला भिंत कुठे आहे. शेजारच्या रमिलाबाईने माझी शेगडी आणून दिली, घासूनपुसून लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. पोरीची वस्तू आहे, तिची तिला द्या, असं भिकुबाई सांगून गेली होती.

दिवाळी झाली तशी ती सुनेबरोबर ऊसतोडीच्या गाडीत बसून गुजरातेत गेली. या वयात कोयता धरवणार नाही, टोळीच्या भाकरी भाजेल. रमिलाबाईने अडवलं होतं. ती म्हणाली, तठे उसनं पाचट फुकट शे, चूल तं पेटी.

माझ्यावर लोभ असू दे, असं मी दर वेळी या ना त्या शब्दांत लिहिते. या वेळी तो माझ्याऐवजी तिच्यावर असू दे.

यामिनी