झाकणाची खाच

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ ऑगस्ट १९५३

प्रिय नंदिनी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण जुनी सवय एका लेखानं सुटत नाही. दीड वर्षानं का होईना, तुला माझा पत्ता आठवला म्हणायचा! पत्राचं उत्तर शेवटी देते.

आधी घरची खबर. आमची घटपर्णी जोरात आहे. माधवदादानं शिलाँगहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली ती वीतभर फांदी आता न्हाणीच्या भिंतीवरून पेरूवर चढलीय. कॉलेजातून आलो की दोघी तिच्यापुढं फतकल मारून बसायचो, आठवतं? पानांच्या टोकाला लोंबणाऱ्या घड्यांत पडलेल्या मुंग्या मोजायचो आणि जातीवरून भांडायचो. बुडाशी बुटके घडे, पोटावर दोन झालरी. वर लांब, सडपातळ, बिनझालरीचे. तू म्हणायचीस, दोन जाती एकत्र वाढल्यात. मी म्हणायची, बाई गं, वेल एक तर जात एकच की!

पुण्याला नोकरीवर निघालीस तेव्हा माझी वेलीच्या चित्रांची नि मापांची वही मागितलीस, आठ दिवसांत पाठवते म्हणालीस. मी दिली. खुळी मी! वही आलीच नाही, आला तो तुझा लेख. ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचायला घेतला. चित्रं माझी, मापं माझी, वर नाव तुझं. तळटीपेत एवढंच, की झाडाची निगा एक स्थानिक बाई राखते. स्थानिक बाई! माझ्या ताटात जेवलीस की गं तू. तुझा इतका राग आला की लेख तिथंच मिटून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. घड्याच्या झाकणाला खाच आहे, म्हणून ही नवी जात! अगं, ती खाच आमच्या अक्कानं पाडली. दांडीवर लुगडं टाकताना काठी लागली आणि झाकण फाटलं. तू तेव्हा मुरगूडला लग्नाला गेली होतीस. मी दिसलं तसं काढलं, कारण लिहायचं राहिलं. एवढी चूक माझी. चार वर्षं रोज पाहिलेली धड झाकणं विसरलीस आणि माझ्या एका चित्रावर विसंबलीस. आधी हसले, मग पोटभर रडले.

आता तुझं पत्र. येत्या गुरुवारी तुझे सर झाड बघायला येणार, म्हणून मी वेल उपटून टाकावी आणि वाळली असं सांगावं, नाहीतर तुझी नोकरी जाईल, असं लिहितेस. नंदू, चोरी मी गिळली होती. वही परत मागितली नाही. पण वेल उपट म्हणताना तुला काहीच वाटलं नाही? वेल जागेवरच राहील. तिला अकरा घडे आहेत आणि अकराही झाकणं धड आहेत. मी सरांना आपण होऊन काही सांगणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यापेक्षा बुधवारच्या गाडीनं ये आणि तुझ्या तोंडानं सांग. येताना वही आण. तुझं पत्र आलं म्हणजे तू येणारच, असं धरून अक्का सकाळपासून भाजणी दळतेय. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझीच,
स्थानिक बाई