मागच्या खोलीची भिंत

प्रिय चिमणे,

बाळाचे फोटो पोचले. कपाळ थेट आपल्या बाबांचं, नाकावरून मात्र तुम्हा नवरा-बायकोत अजून जुंपलेली असणार. सासूबाईंना दाखवले तर म्हणाल्या, नाक कुणाचंही असू दे, आवाज मावशीचाच असेल, शेजारी हैराण होतील. त्या हसल्या, मला बरं वाटलं. हल्ली हसतच नाहीत फारशा. त्यांची खाट आम्ही हॉलच्या अगदी मधोमध टाकलीय. आल्या-गेल्याला वळसा घालून जावं लागतं, पण त्यांचा हट्टच आहे, खाट कुठल्याही भिंतीला लागता कामा नये.

हे घर बांधत होतो तेव्हा तू सुट्टी काढून आली होतीस. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून आपण दोघी माती तुडवत होतो आणि तुझे भाऊजी वरून पेंढा टाकत होते. आपल्याच जागेत खणलेली माती, पेंढा, चुना, खाली दगडाचं जोतं. सिमेंटची एक गोणी या फाटकातून आत येणार नाही, असं ते ज्याला त्याला सांगायचे. आणि घर झालंही तसंच देखणं. भर उन्हाळ्यात पंखा लागायचा नाही. सासूबाईंनी आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले, त्या म्हणायच्या, म्हातारपणी लेकानं मला मडक्यात ठेवलंय, पण मडकं गार आहे हो! तू तर त्याच वेळी ठरवून टाकलंस की घर बांधेन तर असंच, आणि भाऊजींकडूनच.

एकच गोष्ट त्यांनी आपल्या मनाची केली. छप्पर भिंतीबाहेर फार काढलं नाही. म्हणे, मोठी वळचण जुनाट दिसते. मग पावसाळ्यात मागच्या भिंतीवर ओघळ उतरायचे. त्यात बिघडलं काहीच नव्हतं. पाऊस सरला की आम्ही दोघं मातीचा नवा हात फिरवायचो आणि भिंत पुन्हा नवी व्हायची. मला ते काम आवडायचंही. पण पुढे घर बघायला माणसं येऊ लागली, फोटो काढणारे आले, आम्हालाही असंच बांधून द्या म्हणणारे आले. तुझे भाऊजी ओघळ पुसत फिरायचे. लोक कौतुकानं येतात आणि भिंत रडक्या पोरासारखी उभी, म्हणायचे. एक दिवस ते कसल्याशा लेपाचे डबे घेऊन आले. दुधासारखा पांढरा, वाळला की काचेसारखा पारदर्शक. बाहेरून सगळी मागची भिंत त्यांनी स्वतः रंगवली, पाइपानं पाणी मारून दाखवलं. थेंब मोत्यासारखे घरंगळले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत होती. आत सासूबाईंची खोली. वरच्या फटीतून, खालच्या जोत्यातून जे पाणी शिरायचं, त्याला आता बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती. आधी नुसता मातीचा वास यायचा, पहिल्या सरीनंतर येतो तसा, छानच. मग सासूबाईंच्या ट्रंकेतल्या साड्यांना बुरशी आली. मग चुन्याचे पापुद्रे पडू लागले. तुझे भाऊजी म्हणाले, माती जिवंत असते, तिचं असं चालायचंच. एकदा झाडताना मी सहज भिंतीला बोट टेकवलं तर ते कणकेत रुतावं तसं आत गेलं. मी त्यांना हाताला धरून नेलं, दाखवलं. त्यांनी ते भोक अंगठ्यानं दाबून बुजवलं. मग म्हणाले, कुणाजवळ बोलू नकोस, मी बघतो. आणि त्यांनी काय बघितलं, तर लाकडी कपाट ओढून त्या जागेपुढे उभं केलं.

सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, असं भाऊजींनी तुला फोनवर सांगितलं होतं. तसं झालेलं नाही, चिमणे. टळटळीत दुपार होती, पाऊस थांबून चांगलं ऊन पडलं होतं. त्या खुर्चीत बसून सुईत दोरा ओवत होत्या. मी स्वयंपाकघरात होते. मोठा आवाजसुद्धा झाला नाही गं. ओलं पोतं टाकावं तसा ढब्ब आवाज आला आणि खोलीत एकदम उजेड झाला. भिंत नव्हतीच, समोर अंगण दिसत होतं. कपाट त्यांच्या पायांवर आडवं आणि कमरेपर्यंत चिखल. आम्ही दोघांनी हातांनी उकरलं. तुझ्या भाऊजींची नखं फाटली, ते लहान मुलासारखे आई आई करत होते, तेही खोटं नव्हतं. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तेच सरळ आवाजात म्हणाले, बाथरूममध्ये घसरली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली, हो म्हणून. पाय आता चालायचे नाहीत.

त्या घरी यायच्या आत भिंत पुन्हा उभी होती. आतून विटा आणि सिमेंट, वरून मातीचा हात. परवा काही पाहुणे येऊन गेले, त्या भिंतीला गाल लावून म्हणाले, काय गारवा आहे! मी चहा करायला आत निघून गेले.

आता तुला का लिहितेय ते सांगते. तू बाळंतपणाला दवाखान्यात होतीस तेव्हा भाऊजींनी त्यांनीच बांधून दिलेल्या तुझ्या मातीच्या घराची मागची भिंत रंगवून ठेवली, तुला भेट म्हणून. तोच लेप. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, बाळाच्या खोलीत मातीचा काय गोड वास येतो. फोन स्पीकरवर होता, ते शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि तोंडानं ते म्हणाले, वा, छान! परवा ते तुझ्याकडे येताहेत, बाळाला बघायला आणि उरलेल्या भिंती रंगवायला. आत्ता गाडीत डबे चढवण्याचा आवाज येतोय. मी रडले, भांडले, आईची शपथ घातली. ते म्हणतात, तिची भिंत वेगळी आहे. फोन केला असता तर तू लगेच त्यांनाच विचारलं असतंस, आणि त्यांचं बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपलेच डोळे खोटे वाटावेत. म्हणून हे पत्र आमच्या सुताराच्या हाती देतेय, तो आजच तिकडे निघालाय. वाचून झाल्याबरोबर पाळणा पुढच्या खोलीत ने आणि मागची, बाळाची खोली बंद कर. भिंतीला हात लावून बघायलासुद्धा जाऊ नकोस, दुसऱ्या कुणा जाणत्या माणसाला बोलाव. भाऊजी आले की ओरडू नकोस. दारातच थांबवून एवढंच विचार, तुमच्या आई कशा पडल्या? मला अजूनही वाटतं, तुझ्यासमोर ते खरं बोलतील. पण माझ्या त्या वाटण्यावर बाळाला निजवू नकोस.

तुझीच,
ताई